साखरेचा भाव आणि घरचा खर्च

ज्या बेटाच्या बहुतेक लागवडीच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या ऊसच उभा राहिला, त्या मॉरिशसच्या प्रपंचाचे गणितही साखरेच्या भावावर मांडले जावे, हे स्वाभाविकच होय. लंडनच्या बाजारात साखर चढली की खेड्यातील घरावर नवा पत्रा चढे; ती उतरली की चिनी दुकानदाराच्या उधारीच्या वहीची पाने भरत. ऊसतोडणी संपल्यावरचे रिकामे महिने तर अनेक कुटुंबांनी त्या वहीच्याच आधारावर काढले.

पहिल्या महायुद्धानंतर 1920 साली साखरेचे भाव शिगेस पोचले. मोठे मळेवाले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जमिनीचे तुकडे विकत होतेच. मुंबई, मद्रास व कलकत्ता या बंदरांतून आलेल्या मजुरांच्या वंशजांपैकी ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन चार पैसे गाठीस बांधले होते, त्यांनी ही संधी साधली आणि मजुराचा शेतकरी झाला. परंतु भाव कोसळताच हाच छोटा शेतकरी आधी भरडला गेला. 1937 साली कारखान्यांनी ‘उबा’ जातीच्या उसाचा दर 15 टक्क्यांनी घटविला, तेव्हा असंतोषाचा भडका उडाला व युनियन-फ्लाक येथे गोळीबारात 4 जणांचे प्राण गेले. बाहेरून पाहणाऱ्यास 15 टक्के ही किरकोळ कपात वाटेल. पण ज्याचे सारे उत्पन्न अन्न आणि कर्ज यांतच जिरत होते, त्याने काटकसर करावी तरी कशात?

गरीब घरात मिळकतीचा मोठा वाटा अन्नावरच जातो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एंगेल याने 1857 मध्ये दाखवून दिले होते. त्याचा कटु प्रत्यय दुसऱ्या महायुद्धात आला. 1942 साली ब्रह्मदेश जपानच्या हाती पडून तेथील तांदूळ बंद झाला आणि भाताच्या ताटात मका व मॅनिऑक आला.

1968 साली स्वातंत्र्य मिळाल्यावर पुन्हा सुगी आली. 1973 मध्ये साखरेचे उत्पादन सुमारे 7 लक्ष टनांवर गेले आणि 1974 अखेर जागतिक भावाने उच्चांक गाठला. मजुरी वाढली, सरकारी खर्च वाढला, घरोघरी परदेशी वस्तू दिसू लागल्या. पण 1975 च्या फेब्रुवारीत ‘जर्व्हेज’ चक्रीवादळाने पीक झोडपले, पुढे भावही ओसरले. मिळकत घसरली, तरी वाढलेल्या सवयी उतरेनात. राष्ट्राचेही तेच झाले. 1979 साली रुपयाचे सुमारे 30 टक्के अवमूल्यन करावे लागले. बाहेरून येणाऱ्या धान्याची, तेलाची, कापडाची किंमत वाढून त्याची झळ चुलीपर्यंत पोचली. 1980 नंतरच्या दशकात सहस्रावधी स्त्रिया कापडाच्या कारखान्यांत जाऊ लागल्या, तेव्हा अनेक घरांना दुसऱ्या पगाराचा टेकू मिळाला.

या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. तेजीत वाढलेला खर्च मंदीत सहजासहजी आटत नाही; म्हणून तो कशावर झाला, यालाच खरे महत्त्व आहे. मांडवाची शोभा चार दिवसांची. 1920 च्या सुमारास घेतलेला जमिनीचा तुकडा मात्र अनेक घरांत मुलांच्या शिक्षणाचे साधन ठरला. ज्यांनी सुगीत बियाणे राखले, त्यांच्या नातवंडांना दुकानदाराच्या वहीचा आश्रय घ्यावा लागला नाही.