राजा, देव आणि शापाची शिळा
आक्षीच्या शिलालेखापासून सुमेरच्या सीमाशिळेपर्यंत

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या मार्गावर आक्षी हे गाव लागते. नारळी-पोफळीच्या वाड्या आणि समुद्रकिनारा यांसाठी पर्यटकांना ते परिचित आहे. मराठी भाषेच्या अभ्यासकांना मात्र आक्षी ठाऊक आहे ते तेथील शिलालेखामुळे. मराठीतील आद्य लेखांमध्ये गणला जाणारा हा लेख भाषेइतकाच आणखी एका गोष्टीचा साक्षीदार आहे. राजसत्ता आपला अधिकार देवाच्या नावाने कसा सांगते आणि राजाज्ञेच्या रक्षणासाठी शापाचा आधार कसा घेते, हे त्यातून दिसते.

जगात सुख नांदो, अशा अर्थाच्या शब्दांनी लेखाचा प्रारंभ होतो. त्यानंतर ‘पश्चिमसमुद्राधिपती’ आणि ‘कोकण चक्रवर्ती’ या बिरुदांसह केसिदेवराय या राजाचे नाव येते. भइर्जु सेणुई हा त्याचा महाप्रधान. महालक्ष्मी देवीच्या बोडणासाठी नऊ कुवली धान्य देण्याची तरतूद लेखात नोंदलेली आहे. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ हा त्याचा काळ मानला जातो. या मतानुसार केसिदेवराय म्हणजे शिलाहार राजा अरिकेसरी. हा राजा तेराव्या शतकातील केशिदेव असावा, असे दुसरे मत आहे. हा वाद केवळ पंडितांपुरता नाही. मराठीतील सर्वांत जुना कालोल्लेख असलेला लेख कोणता, या प्रश्नाचे उत्तर त्यावर अवलंबून आहे.

गद्धेगाळ म्हणजे काय?

आक्षीचा दगड ‘गद्धेगाळ’ या प्रकारात मोडतो. अशा शिळेचे साधारणतः तीन भाग असतात. वरच्या भागात सूर्य, चंद्र आणि क्वचित मंगलकलश. मधल्या भागात दानाचा मजकूर. आणि तळाशी गाढव व स्त्री यांचे शिल्प. सूर्यचंद्र असेपर्यंत हे दान अबाधित राहावे, हा वरच्या चिन्हांचा अर्थ. जो कोणी दान मोडील त्याच्या मातेची विटंबना होईल, ही तळाच्या शिल्पातील धमकी. वाचता न येणाऱ्यालाही ती कळावी, म्हणून शापाला चित्राचे रूप दिलेले आहे. राजाचे शिपाई जेथे रोज पोहोचू शकत नव्हते, तेथे पहारा या शापाचा होता.

शिलाहारांचे राजकारण आणि धर्म

उत्तर कोकणावर शिलाहारांनी साधारणतः इ.स. ८०० ते १२६५ या काळात राज्य केले. आरंभी राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून, पुढे बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे. सर्पाचे प्राण वाचविण्यासाठी गरुडापुढे स्वतःचा देह ठेवणारा विद्याधर जीमूतवाहन हा आपला मूळपुरुष, असे ते सांगत. ‘तगरपुरवराधीश्वर’ या बिरुदातून तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, या नगरीशी ते आपले नाते जोडत. समुद्रकाठच्या प्रदेशावर हक्क सांगताना दैवी पूर्वज आणि प्राचीन नगरी, असा दुहेरी आधार त्यांनी घेतला.

हे राजे शिवभक्त होते. शके ९८२ (इ.स. १०६०) चा लेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर त्यांच्याच राजवटीतील. तरीही नवव्या शतकात, दुसऱ्या कपर्दीच्या काळात, कान्हेरीच्या बौद्ध विहाराला दाने दिली गेली. अरब प्रवासी मसुदी याने इ.स. ९१६ च्या सुमारास चौलला भेट दिली. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असून त्यांचे व्यवहार पाहण्यासाठी राजाने त्यांच्यातीलच प्रमुख नेमला होता, असे तो लिहितो. त्या वेळी शिलाहार राजा झंझ गादीवर होता. बंदरावर चालणाऱ्या राज्याला सर्व धर्मांच्या व्यापाऱ्यांची गरज होती, हे त्यामागील व्यावहारिक कारण.

शिलाहारांनंतरही ही प्रथा टिकली. नागाव येथील हंबीरराव राजाच्या शिलालेखात शके १२८९ सोबत हिजरी सनही आढळतो.

सुमेर आणि अमोराइट

राजसत्ता, देव आणि शिळा यांचा हा मेळ केवळ कोकणातील नव्हे. आजच्या इराकच्या दक्षिण भागातील सुमेरमध्ये तो कितीतरी आधी दिसतो. राजपद प्रथम स्वर्गातून एरिदू नगरीत उतरले, असे सुमेरी राजावलीत म्हटले आहे. प्रत्येक नगराचा खरा धनी तेथील देव. राजा हा त्याचा कारभारी. लगाश आणि उम्मा या नगरांत शेतजमिनीच्या सीमेवरून पिढ्यान्पिढ्या संघर्ष चालला. इ.स.पूर्व २४५० च्या सुमारास लगाशचा राजा एआनातुम याने विजयशिळा उभारली. शत्रूंना जाळ्यात पकडणारा निंगिर्सू देव तिच्यावर कोरलेला आहे. सीमा ओलांडल्यास हेच जाळे आपल्यावर पडो, अशा शपथा उम्माच्या राजाला घ्याव्या लागल्याचे त्या शिळेवर नोंदले आहे.

पुढे पश्चिमेकडून अमोराइट टोळ्या आल्या. त्यांना रोखण्यासाठी उरच्या राजांनी तटबंदी बांधली, पण इ.स.पूर्व २००४ च्या सुमारास उरचे राज्य कोसळले. नंतर अनेक नगरांत अमोराइट घराणी सत्तेवर आली. त्यांनी जुने देव मोडीत काढले नाहीत. उलट त्यांच्याच नावाने राज्य केले. बाबिलोनचा हम्मुराबी (इ.स.पूर्व १७९२-१७५०) याच घराण्यांपैकी एकातला. त्याच्या कायद्याच्या शिळेवर माथ्याशी सूर्यदेव शमश राजाला अधिकारचिन्हे देताना दिसतो, मध्ये कायदे आहेत आणि अखेरीस मजकूर बदलणाऱ्याला दिलेले शाप. वर देव, मध्ये आज्ञा, शेवटी शाप, ही मांडणी गद्धेगाळ पाहिलेल्या कोकणी माणसाला अपरिचित वाटणार नाही.

या दोन परंपरांमध्ये थेट संबंध असल्याचा पुरावा नाही. आज्ञा दूरवर आणि पुढील पिढ्यांवर चालावी, ही दोन्हीकडच्या राजांची गरज मात्र एकच होती.

दगडांचे भवितव्य

हम्मुराबीची शिळा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात सुरक्षित आहे. आक्षीचा दगड दीर्घकाळ रस्त्याच्या कडेला ऊन, पाऊस आणि खारा वारा झेलत उभा होता. कोकणात इतरत्र कुठे गद्धेगाळांना शेंदूर फासला जातो, कुठे त्यांना अशुभ मानून दूर टाकले जाते, तर कुठे ते बांधकामात चिणले जातात. प्रत्येक वेळी अक्षरे थोडी अधिक पुसट होतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. भाषेच्या प्राचीनतेचे हे पुरावे गावोगावच्या शिवारात आहेत. त्यांना वाचविण्यासाठी आता शापाचा धाक पुरणार नाही. दगडाची नोंद, लेखाचा ठसा आणि डोक्यावर साधे छप्पर, एवढे तरी ग्रामपंचायतींनी व पुरातत्त्व विभागाने मिळून करायला हवे.