गज, राळ आणि समीकरण : संगणकातलं व्हायोलिन ‘खरं’ कधी वाटतं?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी प्रपोजलमध्ये मोठ्या ऐटीत एक वाक्य लिहिलं होतं : ‘भौतिक मॉडेलिंग वापरून व्हायोलिनचा अधिक खरा वाटणारा आवाज तयार करणे.’ गाईड मॅडमनी वाचलं, ‘खरा’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारलं, “खरा म्हणजे काय गं? कोणाला? कधी?” मला उत्तर देता आलं नाही. त्या एका रेघेमुळे मी या विषयाचा इतिहास उलटा वाचत गेले. तुमचा विषय वेगळा असेल, पण तुमच्याही प्रपोजलमध्ये असा एखादा निरागस शब्द नक्की लपलेला असणार. म्हणून ही गोष्ट सांगते.

आधी दोन वाटा समजून घ्या. पहिली वाट सॅम्पलिंगची. खऱ्या वादकाकडून एकेक स्वर वाजवून घ्यायचा, साठवायचा आणि कळ दाबली की ऐकवायचा. 1963 च्या मेलोट्रॉनमध्ये हे काम टेप करायची, 1979 च्या फेअरलाइटमध्ये डिजिटल मेमरी करायला लागली. दुसरी वाट भौतिक मॉडेलिंगची. इथे रेकॉर्डिंग नसतंच. तार, गज, घोडी, लाकडी पेटी यांची गणितं मांडायची आणि संगणकाने ती सोडवत राहायचं. बाहेर जे येतं, तो आवाज. पहिल्या वाटेवर सुटा स्वर खराच असतो, पण एका स्वरातून दुसऱ्यात जाताना सांधा दिसतो. दुसऱ्या वाटेवर सांधा नसतो, पण प्रत्येक स्वराला आपलं खरेपण कमवावं लागतं.

तारेवर नेमकं घडतं काय?

ताणलेल्या तारेचं समीकरण जुनं आहे. 1747 साली दालाँबेर यांनी दाखवलं, की तारेची हालचाल म्हणजे विरुद्ध दिशांना धावणाऱ्या दोन लाटांची बेरीज. छेडलेल्या तारेला एवढं बऱ्यापैकी पुरतं. गजाने वाजवलेल्या तारेला पुरत नाही, कारण गज सतत ऊर्जा देत असतो आणि तीही घर्षणातून.

हेल्महोल्ट्झ यांनी कंपन-सूक्ष्मदर्शक लावून ही तार पाहिली आणि 1863 च्या ग्रंथात निष्कर्ष मांडला. आपल्याला तार वक्र फुगलेली दिसते, पण कुठल्याही एका क्षणी ती दोन सरळ रेषांची असते, मध्ये एक कोपरा. तो कोपरा तारेवरून फिरत राहतो. राळ लावलेल्या गजाला तार चिकटते, गजाबरोबर ओढली जाते. कोपरा आला की सुटते, झपकन मागे घसरते, पुन्हा चिकटते. 440 हर्ट्झचा स्वर असेल तर सेकंदाला 440 वेळा चिकटणं-सुटणं.

यानंतरचं मोठं पाऊल कलकत्त्यात पडलं, हे मला पीएचडीला येईपर्यंत माहीत नव्हतं. चंद्रशेखर व्यंकट रामन सरकारी अर्थखात्यात नोकरी करत होते आणि उरलेल्या वेळात इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या प्रयोगशाळेत काम करायचे. 1917 ला ते कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि 1918 साली गजवाद्यांच्या तारांवरचा त्यांचा दीर्घ प्रबंध आला. प्रकाशाच्या विकिरणावरच्या नोबेलच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. 1920 मध्ये त्यांनी यंत्राने वाजणाऱ्या व्हायोलिनवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. यंत्र कशाला? तर वादकाच्या हातात वेग, दाब आणि घोडीपासूनचं अंतर एकमेकांत गुंतलेलं असतं. ते सुटं सुटं मोजायचं, तर हात बाजूला काढावा लागतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचंय.

संगणकाची एन्ट्री

1971 मध्ये हिलर आणि रुईझ यांनी तारेचं समीकरण थेट संगणकावर सोडवून आवाज काढला. त्या काळच्या यंत्रांवर हे इतकं हळू चालायचं की वाजवणं दूरच. 1983 हे वर्ष मात्र डायरीत लिहून ठेवा. मॅकिन्टायर, शूमाकर आणि वुडहाउस यांनी दाखवलं, की व्हायोलिन, क्लॅरिनेट, बासरी यांच्यात एकच सांगाडा आहे : एका बाजूला लाटा परतवणारा साधा भाग, दुसऱ्या बाजूला गज किंवा रीडसारखा हट्टी, अरेषीय भाग. त्याच वर्षी कारप्लस आणि स्ट्राँग यांची छेडलेल्या तारेची युक्ती प्रसिद्ध झाली. साधारण शंभर यादृच्छिक संख्यांची रांग घ्या, ती फिरवत राहा आणि प्रत्येक फेरीत शेजारच्या दोन संख्यांची सरासरी काढा. सेकंदाला 44,100 नमुने धरले, तर 440 हर्ट्झच्या आसपास तार छेडल्यासारखा आवाज येतो. घरी करून बघा, दहा ओळींचा कोड आहे.

स्टॅनफर्डमध्ये ज्युलियस स्मिथ यांनी या रांगेतली दालाँबेरची लाट ओळखली आणि त्यातून ‘डिजिटल वेव्हगाइड’ पद्धत उभी राहिली. गणित इतकं स्वस्त झालं की 1994 मध्ये यामाहाचं व्हीएल1 बाजारात आलं. त्यात फुंकर मारून स्वर वाकवता यायचा. पण एका वेळी फक्त दोनच स्वर, आणि कीबोर्डवाल्याने फुंकायला शिकायचं! इकडे मेमरी आणि हार्ड डिस्क स्वस्त होत गेल्या, 1998 मध्ये गिगासॅम्पलर थेट डिस्कवरून सॅम्पल वाचू लागला आणि वाद्यवृंदाच्या बाजारात सॅम्पलिंग पुढे निघून गेलं. मॉडेलिंग संपलं नाही. आज स्वॉमसारखी व्हायोलिन-चेलोची सॉफ्टवेअर वाद्यं त्याच विचारावर उभी आहेत.

माझी चूक

आता माझं सांगते. पहिले आठ महिने मी लाकडी पेटीच्या अनुनादामागे घालवले. आलेख सुंदर जुळले. मग व्हायोलिन वाजवणाऱ्या एका मैत्रिणीला आवाज ऐकवला. ती म्हणाली, “आवाज व्हायोलिनचाच आहे गं, पण वाजवणारं कोणी नाहीये.”

खरंच नव्हतं. मी गजाचा वेग एका सरळ रेषेत दिला होता. 2002 मध्ये क्नूट गुटलर (स्वतः डबल बास वाजवणारे) यांनी दाखवलंय, की स्वराची सुरुवात स्वच्छ होईल की खरखरीत, हे गजाच्या दाबाशी जुळणाऱ्या त्वरणावर ठरतं. त्याआधी 2000 मध्ये स्मिथ (हे वेगळे स्मिथ) आणि वुडहाउस यांनी राळेचं घर्षण तिच्या तापमानावर अवलंबून असतं हे मांडलं. म्हणजे कान जिथे वादक शोधतो ती जागा स्वराच्या सुरुवातीला, हाताजवळ आहे आणि मी पेटी घासत बसले होते. रामननी मोजण्यासाठी हात बाजूला काढला होता, समजून-उमजून. मी तो परत ठेवायलाच विसरले.

मग ‘खरं’ म्हणजे काय?

इथे एक अवघड गोष्ट आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात कित्येक दशकं गोव्याच्या वादकांनी आणि अरेंजर्सनी व्हायोलिनचे ताफे उभे केले. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं तुम्ही ऐकली असतील. सिंथेसायझर आणि सॅम्पलर आले तसे ते मोठे ताफे आटत गेले. तेव्हा यंत्रातलं व्हायोलिन आजच्यापेक्षा खूपच कृत्रिम होतं! तरी ते चाललं, कारण गाण्यामागे, इतर वाद्यांच्या गर्दीत, ते ‘पुरेसं’ होतं. म्हणजे माणसाची जागा घ्यायला यंत्राला हुबेहूब व्हावं लागलं नाही. तेव्हा ‘खरं’ची रेषा भौतिकशास्त्राने एकट्याने आखली नाही, वापराने आणि खर्चानेही आखली. हे मी थिसिसच्या पहिल्या प्रकरणात लिहिलंय, कारण आपल्या कामाची किंमत कोण मोजतं हे संशोधकाला माहीत असायला हवं.

तर तुमच्या प्रपोजलमधला निरागस शब्द शोधा. ‘अचूक’, ‘प्रभावी’, ‘सुलभ’, काहीही असेल. त्याला तीन प्रश्न विचारा : कोणाच्या दृष्टीने? कुठल्या परिस्थितीत? आणि कशाशी तुलना करून? उत्तर येत नसेल तर आधी इतिहास वाचा, मग कोड लिहा.

माझं वाक्य आता असं आहे : ‘एकल वादनात, स्वराच्या सुरुवातीला, गजाच्या हालचालीतले कोणते बारकावे दिले म्हणजे प्रशिक्षित वादकाला ऐकताना वादक जाणवतो, हे तपासणे.’ पहिल्यापेक्षा लांब आहे, ऐट कमी आहे. मॅडमनी या वेळी रेघ ओढली नाही. फक्त ‘प्रशिक्षित’ या शब्दावर बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं.