वस्तादाची फी

मराठीत तालमीविषयी जे लिहिले गेले आहे, त्यात कुस्त्या भरपूर आहेत. कोणी कोणाला कोणत्या डावावर चीत केले, मैदानात किती गर्दी लोटली होती, गदा कोणाच्या खांद्यावर गेली, हे सगळे त्यात सापडते. वस्तादांच्या शिस्तीच्या आठवणीही सापडतात. पण त्या वस्तादाचे घर कशावर चालत होते, हे मात्र सहसा कोणी लिहीत नाही. मी विद्यापीठातला माणूस नाही. नोकरी सांभाळून, सुटीच्या दिवशी ग्रंथालयांत आणि जमेल तेव्हा तालमींच्या ओट्यावर बसून हा विषय धुंडाळत आलो आहे. या खटाटोपात मला कुस्त्यांपेक्षा हा पैशाचा प्रश्नच अधिक छळत राहिला.

त्याला कारण एक वाक्य आहे. ‘पूर्वीचे वस्ताद पैसा घेत नसत, आता जिममधले ट्रेनर महिन्याला हजारो रुपये घेतात. विद्येचा बाजार झाला.’ हे मी इतक्यांच्या तोंडून ऐकले आहे की ते तपासून पाहावेसे वाटले. तपासल्यावर असे दिसते, की वाक्याचा पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र खरा नाही. वस्ताद शिष्याकडून फी घेत नव्हता, कारण त्याचा खर्च दुसरे कोणी तरी उचलत होते. आणि जो खर्च उचलतो, त्याच्याशी शिकवणारा बांधलेला असतो.

सर्वांत जुना धागा राजवाड्यातला आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातला ग्रंथ. राजाने काय काय करावे आणि कशात मन रमवावे, याचा तो मोठा कोशच आहे. त्यात मल्लविनोदाचे प्रकरण आहे. मल्लांची वय, देह आणि ताकद यांनुसार प्रतवारी, त्यांचा आहार, त्यांची मेहनत, त्यांच्या झुंजी असा सगळा तपशील तिथे येतो. मल्लाला पोसायचे राजाने आणि त्याची झुंज पाहायचीही राजानेच. ‘विनोद’ हा शब्दच बोलका आहे. मल्लाने शरीर कमवायचे ते स्वतःच्या आरोग्यासाठी नव्हे, तर दरबाराच्या करमणुकीसाठी आणि प्रतिष्ठेसाठी.

हाच धागा पेशवाईच्या अखेरीपर्यंत येतो. मल्लखांबाचे आद्य प्रवर्तक मानले जाणारे बाळंभटदादा देवधर दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होते. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या पैलवानांचे आव्हान त्यांनी स्वीकारले, ही कथा परंपरेने सांगितली जाते. मला त्या कथेपेक्षा तिच्या पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, बाजीराव ब्रह्मावर्ताला गेला आणि बाळंभटदादांची विद्याही उत्तरेकडे गेली. काशीत त्यांचा आखाडा झाला, असे मल्लखांबाच्या इतिहासात सांगतात. आश्रयदाता हलला की विद्या हलते. शिष्यांच्या पैशावर उभ्या असलेल्या विद्येचे असे होत नाही.

या आश्रयाचे सर्वांत उजळ उदाहरण अर्थातच कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराज स्वतः कुस्ती खेळलेले. १९०२ मध्ये ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपात गेले, रोमचे जुने क्रीडागार त्यांनी पाहिले आणि त्यातून खासबाग मैदानाची कल्पना आली. १९१२ मध्ये ते मैदान पुरे झाले. पंजाबातले नामांकित मल्ल महाराजांनी कोल्हापुरात आणले, तालमींना हात दिला, मल्लांच्या खुराकाची सोय केली. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही नावे आजही उच्चारली की तांबड्या मातीचा वास येतो. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली ती माती, रोजचे दूध, बदाम आणि तूप हे काही फुकट येत नव्हते. बिल दरबारात जात होते, म्हणून पठ्ठ्याला ते दिसत नव्हते, एवढेच.

दरबार नव्हता तिथे गाव होते. जत्रेतल्या कुस्त्यांचे इनाम वर्गणीतून उभे राही. गावच्या किंवा पेठेच्या तालमीची जागा सार्वजनिक. वस्ताद बहुधा शेतकरी, गवळी, हमाल किंवा छोटा दुकानदार. त्याची कमाई दुसरीकडची आणि तालीम पहाटेची व संध्याकाळची. त्याला वर्षातून कधी फेटा-नारळ मिळे. इनाम मारलेला पठ्ठा खुशीने काही हातावर ठेवी, असे जुन्या मल्लांकडून मी ऐकले आहे. पण खरी परतफेड पैशातली नव्हतीच. पठ्ठ्याने हौदा खणायचा, माती चाळायची, पाणी भरायचे, झाडलोट करायची, वस्तादाचे अंग रगडायचे. वस्तादाने हात उगारला तरी ब्र काढायचा नाही. एक तालीम सोडून दुसरीत जाणे म्हणजे जवळजवळ फितुरी. थोडक्यात, शिष्य आपला शिक्षक निवडत नव्हता. वस्ताद शिष्य निवडत होता. आणि ज्यांच्याकडे त्याची नजरच जात नसे, त्यांना दार बंद होते. बायका तर या हिशेबात नव्हत्याच.

या व्यवस्थेला पहिला धक्का दिला तो लांबून आलेल्या एका जर्मन माणसाने. यूजीन सँडो हा १८६७ मध्ये प्रशियातल्या क्योनिग्सबर्गला जन्मलेला. रंगमंचावर ताकदीचे खेळ करता करता तो लंडनला स्थिरावला आणि १८९७ मध्ये त्याने तिथे शरीरसंवर्धनाची संस्था काढली. त्याने केलेला बदल डंबेल्सचा नव्हता, व्यवहाराचा होता. पैसे भरून कोणीही यावे, अंगाची मापे घ्यावीत, त्या मापांनुसार व्यायाम ठरवून मिळावा आणि काही महिन्यांनी पुन्हा मापे घेऊन फरक पाहावा. ज्याला येणे शक्य नाही, त्याने मापे टपालाने पाठवावीत. व्यायामाचा तक्ता टपालाने येईल. पुस्तके, मासिक, उपकरणे हे सारे त्याच्याच नावाने विकले जाई. शिक्षकाचा स्वतःचा देह हीच त्याची जाहिरात. १९११ मध्ये राजा पाचव्या जॉर्जने त्याला आपल्या शरीरसंवर्धनाचा शिक्षक नेमले. पर्सनल ट्रेनर हा शब्द तेव्हा नव्हता, पण धंदा तयार झाला होता.

सँडो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात दौऱ्यावर आला, पण त्याची उपकरणे त्याआधीच इथे पोचली होती. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ मध्ये सँडोची पुस्तके व साधने मागवली आणि सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. बंगलोरचे के. व्ही. अय्यर यांनी १९२० च्या दशकात व्यायामशाळा काढली, टपालाने शिक्षण देण्याचा उद्योग चालवला आणि स्वतःच्या देहाची छायाचित्रे हेच आपले प्रमाणपत्र मानले. पुढे म्हैसूरचे महाराज कृष्णराज वोडेयार त्यांचे शिष्य झाले. इथे एक सूक्ष्म पण मोठा फरक आहे. बाळंभटदादा बाजीरावाच्या पदरी होते. अय्यर मात्र स्वतःच्या संस्थेचे मालक होते. राजा त्यांच्याकडे आला तेव्हाही त्यांची संस्था आधीच पैसे देणाऱ्या सामान्य शिष्यांवर उभी होती.

आता गंमत अशी, की याच काळात आपल्याकडे या व्यवहाराला उत्तरही शोधले गेले, आणि ते शोधणाऱ्यांत सँडोचे जुने गिऱ्हाईक पुढे होते. पंतप्रतिनिधी सँडो सोडून सूर्यनमस्कारांकडे वळले. त्यांनी नमस्कारांवर लिहिले, आपल्या संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले. त्यांच्या मांडणीचा रोख स्पष्ट होता: उपकरण नको, जागा थोडी पुरे, बाई-बाप्या सर्वांना जमेल आणि एकदा पद्धत समजली की शिकवणाराही नको. म्हणजे फीचा प्रश्नच मिटला.

बडोद्यात राजरत्न माणिकराव दुसऱ्या वाटेने गेले. जुम्मादादा या मुसलमान वस्तादाचे ते शिष्य. गुरूच्या नावानेच त्यांनी व्यायाममंदिर चालवले आणि एका वेळी शेकडो मुलांना शिकवता येईल अशा संघव्यायामाची घडण केली. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद त्यांच्याच तालमीतले. अमरावतीच्या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी प्रात्यक्षिकांसाठी गेले. या मंडळींनी शिक्षणाचा खर्च समाजावर टाकला: देणगीदार, संस्थानिक आणि कार्यकर्त्यांचे आयुष्य. माणिकरावांनी लग्न केले नाही, हाही त्या खर्चातलाच भाग म्हणायला हवा.

तिसरा बदल कागदाचा. मद्रासला १९२० मध्ये वायएमसीएचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले, मुंबई सरकारने १९३८ मध्ये कांदिवलीला प्रशिक्षण संस्था काढली. आता शिकवणाऱ्याची पारख हौद्यात नव्हे, परीक्षेत होऊ लागली आणि त्याला शाळेचा पगार मिळू लागला. वस्तादाला कोणी प्रमाणपत्र विचारत नव्हते, कारण त्याची परीक्षा दर जत्रेत सगळ्यांसमोर होत असे. पठ्ठा हरला की वस्तादाची मान खाली जाई.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने गेली. १९४९ मध्ये कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले आणि शतकानुशतकांचा आश्रय काही महिन्यांत आटला. त्याची किंमत किती होती, हे खाशाबा जाधवांच्या उदाहरणात दिसते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला त्यांना कोल्हापूरच्या महाराजांनी पाठवले. १९५२ च्या हेलसिंकीच्या वेळी मात्र गोळेश्वरचे गावकरी आणि ओळखीचे लोक यांच्याकडून पै-पैसा जमवावा लागला. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. त्या पैशांतून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक आले. तिकडे लाहोरात, ज्याला संस्थानांनी पोसले त्या गामाची अखेरची वर्षे आजारपणात आणि पैशांच्या ओढाताणीत गेली. १९६० मध्ये तो वारला.

नावाजलेल्यांची ही गत, तर गावच्या वस्तादाचे काय? काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मी अशा एका वृद्ध वस्तादांशी बोललो. चाळीस वर्षे त्यांनी पहाटे चारला तालमीचे दार उघडले होते. शिष्य पोलिसांत, लष्करात, कारखान्यात लागले. पैसे कधी मागितले नाहीत, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. मग गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला आणि ते गप्प झाले. त्यांच्या सूनबाई आतून म्हणाल्या, की मागितले असते तर बरे झाले असते. मला त्या वाक्यात तालमीच्या इतिहासाचे एक न लिहिलेले पान दिसले. आपण ज्याला निःस्वार्थ विद्या म्हणतो, तिचा हप्ता अनेकदा वस्तादाच्या घरातल्या बायकांनी भरलेला असतो.

म्हणून ट्रेनरने फी घेण्यात मला काही वावगे वाटत नाही. उलट फी आली, तेव्हाच निवडण्याचा हक्क आला. पन्नाशीतली गृहिणी, मधुमेह झालेला कारकून, बाळंतपणानंतर उभी राहू पाहणारी मुलगी यांना कोणत्या वस्तादाने निवडले असते? पैसे मोजून त्या जिमच्या दारातून आत गेल्या आणि प्रश्न विचारू लागल्या. हे छोटे परिवर्तन नव्हे.

पण सँडोने सुरू केलेल्या व्यवहाराची खोटही त्याच्याबरोबर आली आहे. जुना वस्ताद पठ्ठ्याचा खुराक ठरवी, विकत नसे; दूध-बदाम घरून किंवा दरबारातून येत. आज जो व्यायाम ठरवतो, त्यानेच प्रोटीनचा डबाही विकावा, अशी रीत अनेक ठिकाणी आहे. डब्यावर ज्याची मिळकत आहे, त्याच्याकडून ‘तुम्हाला डब्याची गरज नाही’ हे ऐकायला मिळणे कठीण. अनेक जिममध्ये आपण भरलेल्या पैशांतला वाटा जिम ठेवते आणि उरलेला ट्रेनरला मिळतो. मग जास्त गिऱ्हाइके घेणे त्याला भाग पडते. आणि फी देणारा नाराज होऊ नये म्हणून ‘आज वजन उचलू नका, घरी जाऊन झोपा’ हे सांगायचे तो टाळतो. दरबाराने पोसलेला वस्ताद राजाला नाही म्हणू शकत नव्हता. आजच्या ट्रेनरला गिऱ्हाइकाला नाही म्हणणे जड जाते. बदलला आहे तो फक्त धनी.

त्यामुळे कोणी मला ट्रेनर कसा निवडावा असे विचारले, तर इतिहास वाचणाऱ्याने द्यावे तसे उत्तर मी देतो. त्याचे दंड पाहू नका, ती सँडोची जाहिरात झाली. त्याने शिकवलेली, तुमच्याच वयाची आणि तुमच्यासारख्याच दुखण्याची दोन माणसे भेटा, कारण वस्तादाची पारख पठ्ठ्यावरून होते. त्याने प्रशिक्षण कुठे घेतले ते विचारा. पहिल्या दिवशी त्याने तुमची जुनी दुखणी, औषधे, झोप यांची चौकशी केली का, ते पाहा. फीखेरीज त्याला तुमच्याकडून आणखी कशातून मिळकत होते, तेही संकोच न करता विचारा. वर्षभराचे पैसे एकदम भरू नका, महिना-दोन महिने पाहा. आणि ठरलेली फी घासाघीस करून इतकी खाली आणू नका, की त्याला डबा विकल्यावाचून गत्यंतर राहणार नाही. गरज पडेल तिथे तुम्हाला नाही म्हणण्याची मोकळीक त्याला त्याच पैशांतून मिळते. दरबारी वस्तादाला ती कधी मिळाली नाही आणि गावच्या वस्तादाने ती घरच्यांच्या पदराला खार लावून मिळवली.