द्यूताचा वार्षिक ताळेबंद

मुळशी हें नांव मराठी वाचकांच्या मनांत एका धरणाशीं आणि १९२१ सालच्या सत्याग्रहाशीं कायमचें जोडलेलें आहे. त्याच तालुक्याच्या पूर्वेकडील हिंजवडी गांवीं गेल्या पाव शतकांत संगणक-उद्योगाची मोठी वसाहत उभी राहिली, आणि जेथें पूर्वीं शेतें होतीं तेथें आज हजारों सुशिक्षित तरुण आंकड्यांवर व तर्कावर चरितार्थ चालवितात. आंकडे व तर्क यांचीच मिजास मिरविणारा एक खेळ या वर्गास मोहक वाटावा यांत नवल नाहीं. तो खेळ म्हणजे संगणकाच्या पडद्यावर पैसे लावून खेळावयाचा पोकर.

असा एक हौशी खेळाडू आपण कल्पनेनें डोळ्यांपुढें आणूं. वर्ष २०२४ चें धरूं. नोकरी सांभाळून तो रोज रात्रीं तासभर खेळतो, त्या विषयावरील ग्रंथ वाचतो, प्रत्येक डावाची नोंद ठेवतो, आणि डिसेंबरअखेर ताळेबंद मांडतो. शिल्लक दिसली कीं त्यास वाटतें, आपली प्रगति झाली. तूट दिसली कीं वाटतें, ही विद्या आपल्या कपाळीं नाहीं. आमच्या मतें हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. ते घाईचे कां, हें समजून घेण्यास द्यूताचा इतिहास थोडा मागून पाहिला पाहिजे.

जुगाऱ्याच्या पश्चात्तापाचें आपल्याकडील सर्वांत जुनें चित्र ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील चौतिसाव्या सूक्तांत आहे. बेहड्याच्या फळांचे फांसे, त्यांनीं लावलेलें वेड, दुरावलेली पत्नी आणि वाढलेलें ऋण हे सर्व त्यांत येऊन शेवटीं फांसे सोडून शेती करण्याचा उपदेश येतो. महाभारताची दृष्टि याहून निराळी आहे. पुष्कराकडून राज्य हरलेला नळ पुढें ऋतुपर्णाचा सारथि होतो. वाटेंत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडावरील पानांची व फळांची संख्या नुसत्या अंदाजानें सांगतो. नळ झाड पाडून मोजतो, तों ती बरोबर निघते. तेव्हां अश्वविद्येच्या मोबदल्यांत नळ त्याजकडून अक्षहृदय, म्हणजे फांशांचें मर्म, शिकून घेतो आणि गेलेलें राज्य परत मिळवितो. हीच विद्या बृहदश्व ऋषि युधिष्ठिरास देतात, आणि अज्ञातवासाचें वर्ष तो विराटाच्या दरबारीं कंक या नांवानें द्यूतकार म्हणून काढतो. या कथांतील मर्माची गोष्ट अशी कीं, द्यूतांत शिकण्यासारखें कांहीं आहे आणि तें संख्येच्या ज्ञानाशीं निगडित आहे, हें आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें. परंतु तें ज्ञान फळास येण्यास किती डाव लागतात, हें कथाकार सांगत नाहीं. कथेंतील नायक एकाच डावांत बाजी मारतो.

राज्यशास्त्रकारांनीं या प्रकरणाकडे तिसऱ्याच बाजूनें पाहिलें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत द्यूताध्यक्ष नेमून खेळ एकाच ठिकाणीं चालवावा असें सांगितलें असून, जिंकलेल्या रकमेंतून शेंकडा पांच आणि शिवाय फांशांचें भाडें त्यानें घ्यावें असा नियम आहे. याज्ञवल्क्यस्मृतींतहि द्यूतगृहाच्या चालकास शेंकडा पांच, आणि कांहीं खेळणाऱ्यांकडून शेंकडा दहा, घेण्याची मुभा आहे. आपल्या काळच्या पोकरच्या कंपन्या प्रत्येक डावांत जमलेल्या रकमेंतून जो हिस्सा कापीत, तोहि सामान्यतः शेंकडा पांचांच्या आसपासच असे. खेळ बदलले, फांशांचे पत्ते झाले, पत्त्यांचीं चित्रें पडद्यावर आलीं. चालकाचा वांटा मात्र फारसा हलला नाहीं. खेळणारे जिंकोत वा हरोत, हा वांटा चुकत नाहीं. ताळेबंदांतील निश्चित ओळ तेवढी एकच.

पत्त्यांचा खेळ आपल्याकडे सोळाव्या शतकांत मोंगलांबरोबर रुजला. सावंतवाडीची गंजिफा त्याच परंपरेंतील. तिच्या दशावतारी जोडांत दहा अवतारांचे प्रत्येकीं बारा असे १२० गोल पत्ते असतात. कोणते पत्ते पडले आणि कोणते उरले याची आठवण ठेवणारा त्यांत वरचढ ठरतो. पोकर हा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत वाढलेला खेळ. त्याचा आज प्रचलित असलेला प्रकार असा कीं, प्रत्येकास दोन पत्ते झांकून मिळतात, पांच पत्ते सर्वांसाठीं उघडे मांडले जातात, आणि मध्यें मध्यें रक्कम वाढविण्याच्या फेऱ्या होतात. बावन पत्त्यांतून पांचांचे २५,९८,९६० वेगवेगळे संच निघतात. हातीं दोन एक्के येण्याचा योग २२१ डावांत सरासरीनें एकदां. पण हें गणित कोणीहि पाठ करील. खरें कौशल्य समोरच्याच्या बोलीवरून त्याच्या हातांतील पत्ते ताडण्यांत, योग्य वेळीं थाप मारण्यांत, आणि मुख्यतः बरे दिसणारे पत्ते मुकाट्यानें टाकून देण्यांत आहे. इंटरनेटवर पैशांचा पहिला डाव १९९८ सालीं मांडला गेला. २००३ सालीं अमेरिकेंतील एका हौशी हिशेबनीसानें इंटरनेटवरील थोडक्या डॉलरांच्या स्पर्धेतून जागतिक स्पर्धेंत प्रवेश मिळविला आणि पंचवीस लाख डॉलर जिंकले. त्या दिवसापासून जगभरच्या हौशी खेळाडूंस आपलाहि दिवस उगवेल असें वाटूं लागलें.

आतां आपल्या खेळाडूच्या वहीकडे वळूं. तासास साठ-सत्तर डाव धरले, तर वर्षांत सुमारें २०,००० डाव होतात. डावापूर्वीं जी मोठी सक्तीची रक्कम मांडावी लागते तिला आपण 'पण' म्हणूं. समजा, हा खेळाडू खरोखर चांगला आहे आणि चालकाचा वांटा वजा जातां दर शंभर डावांमागें सरासरी ५ पण जिंकण्याची त्याची योग्यता आहे. म्हणजे वर्षाअखेर १,००० पण शिल्लक पडावी. परंतु शंभर डावांतील चढउतार साधारणपणें ९० पणांच्या मापाचा असतो. त्या हिशेबानें २०,००० डावांतील चढउताराचें माप सुमारें १,२७० पण येतें. अर्थ असा कीं, असे पांच चांगले खेळाडू घेतले तर त्यांतील एक जण वर्षाअखेर तोट्यांत दिसेल. उलट, ज्यांच्या अंगीं जिंकण्याची कसलीहि योग्यता नाहीं पण हरण्याचीहि नाहीं असे पांच घेतले, तर त्यांतील एक जण हजार पणांहून अधिक नफा दाखवील आणि स्वतःस निष्णात समजूं लागेल. एक लक्ष डाव झाले म्हणजे चांगल्या खेळाडूच्या तोट्याची शक्यता पंचविसांत एक इतकी उतरते. पण रोज तासभर खेळणाऱ्यास तितक्या डावांना पांच वर्षें लागतात.

मुळशीच्या शेतकऱ्यास यांत नवें कांहीं वाटणार नाहीं. एका पावसाळ्यावरून त्या खोऱ्याचें पर्जन्यमान ठरत नाहीं, हें त्यास अनुभवानें माहीत आहे. युरोपांत या अनुभवाचें शास्त्र होण्यास बराच काळ गेला. पास्कल आणि फर्मा यांचा फांशांच्या प्रश्नावरील पत्रव्यवहार १६५४ सालचा. वारंवार घडणाऱ्या गोष्टींची सरासरी हळूहळू खऱ्या प्रमाणास येऊन मिळते, हा याकोब बर्नुलीचा सिद्धान्त त्याच्या मृत्यूनंतर १७१३ सालीं छापला गेला. सिद्धान्ताचा भर 'हळूहळू' या शब्दावर आहे, आणि जुगारी नेमका तोच शब्द गाळून वाचतो.

याची कसोटी आपल्या डोळ्यांदेखत झाली. २०१५ सालीं पिट्सबर्ग येथें कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकाशीं चार नामांकित व्यावसायिक खेळाडू ८०,००० डाव खेळले. माणसें ७,३२,७१३ चकत्यांनीं पुढें राहिलीं. तरीहि शास्त्रज्ञांचें म्हणणें असें पडलें कीं, संख्याशास्त्राच्या दृष्टीनें सामना बरोबरीचाच समजावा. २०१७ सालीं नव्या यंत्राशीं १,२०,००० डाव झाले, आणि तेव्हां कोठें यंत्राचा विजय निर्विवाद मानला गेला. जगांतील उत्तम खेळाडूंविषयीं ऐंशी हजार डावांवरून निकाल देतां येईना, तर हौशी माणसानें वीस हजारांवरून आपली योग्यता कशी ठरवावी?

कायद्यानेंहि हा प्रश्न दीर्घकाळ हाताळला, पण वेगळ्या रूपानें. मुंबई इलाख्याच्या १८८७ सालच्या जुगार-प्रतिबंधक कायद्यानें केवळ कौशल्याच्या खेळास सूट दिली. १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें चमारबागवाला खटल्यांत जुगार हा घटनेनें संरक्षिलेला व्यापार नव्हे असें ठरविलें. १९६८ सालीं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असें म्हटलें. १९९६ सालीं घोड्यांच्या शर्यतींसहि त्याच वर्गांत बसविलें. पोकरविषयीं मात्र एकमत झालें नाहीं. २०१७ सालीं गुजरातच्या उच्च न्यायालयानें त्यास जुगार म्हटलें, तर २०२४ सालीं अलाहाबादच्या न्यायालयानें कौशल्याच्या बाजूस कौल दिला. २०२३ सालीं नवे कर आले. वर्षाच्या निव्वळ जिंकीवर शेंकडा ३० आयकर आणि खेळासाठीं भरलेल्या पूर्ण रकमेवर शेंकडा २८ वस्तु-सेवा-कर बसला. तुटीचें वर्ष पुढील वर्षांत वळतें करण्याची सोय नव्हती; म्हणजे ज्या हिशेबास पांच वर्षेंहि अपुरीं पडतात तो सरकारनें दर वर्षीं मिटविला. अखेर ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें कायदा करून कौशल्य आणि दैव हा भेदच बाजूस ठेवला व इंटरनेटवरील पैशांच्या सर्व खेळांस बंदी घातली. त्यांत शिक्षा खेळविणाऱ्यास आहे, खेळणाऱ्यास नाहीं. लगेच देशांतील मोठ्या कंपन्यांनीं पैशांचे डाव उठविले.

खेळ कौशल्याचा कीं दैवाचा, या वादांत दोन्ही पक्षांचें म्हणणें खरें होतें. दीर्घ पल्ल्यांत तो कौशल्याचा आहे आणि एका रात्रींत, किंबहुना एका वर्षांतहि, तो पुष्कळसा दैवाचा आहे. माणसाचा संसार मात्र वर्षाच्या आंत चालतो; घरभाडें, मुलांची फी, आईबापांचें औषधपाणी यांस एक लक्ष डावांची वाट पाहतां येत नाहीं. एका वर्षाच्या शिलकेवर विसंबून नोकरी सोडणाऱ्याचा धोका येथें आहे. तो कदाचित् खरोखर चांगला खेळाडू असेल, पण हें त्यास अजून समजलेलें नसतें.

मग प्रगति मोजावी तरी कशी? पैशांनीं नव्हे, निर्णयांनीं. जिंकलेल्या डावांत चुकीची चाल झाली कीं नाहीं, हरलेल्या डावांत योग्य चाल टिकली कीं नाहीं, आणि रागाच्या भरांत वा गेलेलें परत मिळविण्याच्या हव्यासानें किती वेळां पैसा लावला, हे रकाने ज्याच्या वहींत आहेत त्याचें वर्ष, शिल्लक कांहींहि असो, वायां गेलें नाहीं. हे रकाने भरण्यास पैसे लावावेच लागतात असेंहि नाहीं. ऋतुपर्णानें आपलें ज्ञान झाडाचीं पानें मोजून दाखविलें होतें. त्यावर त्यानें कांहीं पणास लावलें नव्हतें.