सायकल-प्रवाशाचे ओझे : निवारा, दुरुस्ती आणि स्वावलंबन (१८७८–१९४२)

सायकलीचा इतिहास बहुधा दोन अंगांनी लिहिला जातो. पहिले अंग यंत्राचे. १८१७ मधील कार्ल ड्राइस यांची लाकडी धावगाडी, त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने पॅरिसमध्ये पुढे आलेली पेडलची सायकल, मग उंच चाकाची सायकल, आणि अखेरीस १८८५ मध्ये कॉव्हेंट्री येथील जॉन केम्प स्टार्ली यांची सारख्या चाकांची ‘रोव्हर’, असा तो क्रम सांगितला जातो. दुसरे अंग विक्रमांचे. अमुक पुरुषाने किती दिवसांत किती मैल आक्रमिले, याची नोंद तेथे आढळते. या दोहोंमध्ये एक साधा प्रश्न दुर्लक्षित राहतो. घरापासून शंभर कोसांवर गेलेला सायकलस्वार रात्री निजतो कोठे, आणि त्याचे चाक मोडले तर ते दुरुस्त कोण करतो?

हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी वस्तुतः सायकल-प्रवासाच्या इतिहासाचा तोच कणा आहे. सायकलीने मनुष्यास घोडा, गाडीवान व आगगाडीचे वेळापत्रक यांपासून मुक्त केले, असे सामान्यतः म्हटले जाते. परंतु ही मुक्तता यंत्राबरोबर आपोआप आली नाही. प्रवासी आपल्याबरोबर काय वाहून नेऊ शकत होता आणि स्वतःच्या हाताने काय दुरुस्त करू शकत होता, त्या प्रमाणातच ती त्यास लाभली. हे प्रमाण कसकसे वाढत गेले, हे पाहिले असता आजही सायकल-प्रवाशांना दिल्या जाणाऱ्या व्यावहारिक सल्ल्याचे मूळ स्पष्ट होते.

१. नेमलेली घरे

५ ऑगस्ट १८७८ रोजी इंग्लंडमधील हॅरोगेट येथे स्टॅन्ली कॉटरेल यांच्या पुढाकाराने ‘बायसिकल टुरिंग क्लब’ स्थापन झाला. १८८३ मध्ये त्याचे ‘सायक्लिस्ट्स टुरिंग क्लब’ असे नामांतर झाले. क्लबाने निवाऱ्याचा प्रश्न संघटनेच्या बळावर सोडविला. गावोगावी प्रतिनिधी नेमले, सभासदांसाठी उतारगृहे व सायकल दुरुस्त करणारे कारागीर निश्चित केले, आणि त्यांची माहिती पुस्तिकेच्या रूपाने सभासदांच्या हाती दिली. उतारगृहाच्या भिंतीवर पंख असलेल्या चाकाची पाटी दिसली की सभासदाने निश्चिंत मनाने आत शिरावे, अशी योजना होती.

या व्यवस्थेत प्रवाशाचे ओझे अत्यल्प राहिले. कपड्यांचा एक जोड आणि पावसाळी अंगरखा एवढ्यावर त्याचे भागत असे. यातील व्यवहारज्ञान आजही खरे आहे. जेथे छप्पर व अन्न निश्चित मिळणार, तेथे तंबू व भांडी वाहून नेणे हा शक्तीचा अपव्ययच होय. सपाटीवर एकदा गती आली की जादा वजन फारसे जाणवत नाही. परंतु चढावर प्रत्येक शेर वजन पायांनी उचलावे लागते.

तथापि या व्यवस्थेस दोन मर्यादा होत्या. पहिली मर्यादा भूगोलाची. क्लबाच्या पाट्या जेथे संपत, तेथे निश्चिंतताही संपत असे. थॉमस स्टीव्हन्स या प्रवाशाने एप्रिल १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सोडले, तेव्हा त्याच्याजवळ पन्नास इंची पुढील चाकाची उंच सायकल होती. अशा सायकलीवर सामान बांधण्यास जागा जवळजवळ नसते. हँडलला जेवढे अडकेल तेवढेच न्यावयाचे. म्हणून त्याने मोजे, एक जादा सदरा आणि एक पावसाळी डगला घेतला. हा डगलाच रात्री तंबू व अंथरूण म्हणूनही वापरावयाचा होता. सोबत एक पिस्तूलही होते. ऑगस्टमध्ये तो बोस्टनला पोहोचला. पुढे युरोप व इराण ओलांडल्यावर १८८६ मध्ये अफगाण अधिकाऱ्यांनी त्यास परत फिरविले. तेव्हा समुद्रमार्गाने हिंदुस्थानात येऊन लाहोर ते कलकत्ता हा प्रवास त्याने सायकलीने केला, आणि डिसेंबर १८८६ मध्ये योकोहामा येथे आपली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. एका वस्तूकडून तीन कामे करवून घेण्याचा त्याचा हिशेब हा प्रवासी सामानाच्या शास्त्राचा पहिला धडा मानावयास हरकत नाही.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म होती. छप्पर दुसऱ्याचे असले की दारही दुसऱ्याचेच असते. १८९८ मध्ये लेडी हार्बर्टन या क्लबाच्या सभासद सरे परगण्यातील ऑकहॅम येथील उतारगृहात गेल्या. सायकल चालविण्यास सोयीची सैल विजार त्यांनी परिधान केली होती. लांब झगा नाही, या कारणास्तव मालकिणीने त्यांना मुख्य भोजनकक्षात बसू देण्यास नकार दिला. क्लबाने हे प्रकरण न्यायालयात नेले. परंतु १८९९ मध्ये ज्यूरीने मालकिणीच्या बाजूने निर्णय दिला. दुसरी खोली देऊ केली होती, म्हणून सेवा नाकारली असे ठरले नाही. संघटनेच्या आश्रयाने प्रवास करणाऱ्यास संघटनेचे बळ कोठे संपते, हे या खटल्याने दाखवून दिले.

२. शिंप्याचा तंबू

याच सुमारास छपराचा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविणारा एक गृहस्थ पुढे आला. थॉमस हायरम होल्डिंग हा व्यवसायाने लंडनमधील शिंपी होता. १८५३ मध्ये, नऊ वर्षांचा असताना, त्याने आईवडिलांबरोबर बैलगाड्यांच्या तांड्यातून अमेरिकेतील माळराने ओलांडली होती. त्यामुळे उघड्यावर मुक्काम करण्याचा संस्कार त्याच्यावर बालपणीच झाला. १८९७ मध्ये आपला मुलगा व दोन मित्र यांच्यासह त्याने आयर्लंडच्या पश्चिम भागात तंबू घेऊन सायकल-प्रवास केला, आणि पुढील वर्षी त्याचे वर्णन पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. १९०१ मध्ये वाँटेज येथे अवघ्या सहा जणांच्या शिबिरातून सायकलने शिबिरे करणाऱ्यांची संघटना जन्मास आली. १९०८ मध्ये त्याने शिबिरवासावर एक विस्तृत हस्तपुस्तकही लिहिले.

होल्डिंग शिंपी होता, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची आहे. तोवरचा तंबू म्हणजे लष्करी तंबू. जाड कापडाचा, जड खांबांचा, खेचरावर किंवा गाडीत लादून नेण्याचा. होल्डिंगने तंबूकडे वस्त्र म्हणून पाहिले. रेशमासारखे पातळ व घट्ट विणीचे कापड, योग्य बेत आणि अचूक शिवण यांच्या साहाय्याने मनुष्याच्या देहास पुरेल एवढाच निवारा बेतता येतो, हे त्याने सिद्ध केले. १८९२ पासून स्टॉकहोम येथे तयार होऊ लागलेल्या ‘प्राइमस’ स्टोव्हमुळे सरपणाचाही प्रश्न सुटला. महाराष्ट्रातील असंख्य स्वयंपाकघरांतून पुढे परिचित झालेला हा रॉकेलचा स्टोव्ह ओल्या लाकडाच्या धुरापासून शिबिरवासीयास मुक्त करणारा ठरला.

शिबिराच्या अनुभवातून जे नियम निश्चित झाले, त्यांतील काही आजही बदललेले नाहीत. निजलेल्या मनुष्यास थंडी वरून जेवढी बाधते, तितकीच, किंबहुना अधिक, जमिनीतून बाधते. कारण अंगाखालील अंथरूण देहभाराने दबते व त्यात हवा राहत नाही. म्हणून पांघरुणाआधी अंथरुणाचा विचार करावा. पिसांची दुलई वजनास हलकी व उबेस उत्तम. पण ती भिजली की निरुपयोगी होते, म्हणून ती मेणकापडात गुंडाळूनच न्यावी. तंबू कोरड्या ओढ्याच्या पात्रात कधीही ठोकू नये. दूर डोंगरावर झालेल्या पावसाचे पाणी रात्रीतून तेथे पोहोचते, हे सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यास निराळे सांगावयास नको.

३. पंक्चर आणि पान्हा

निवारा सुटला तरी दुरुस्तीचा प्रश्न राहिलाच. १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेचा टायर प्रचारात आणला. त्यामुळे प्रवास सुखाचा झाला. पण त्याबरोबरच पूर्वीच्या भरीव रबरी टायरला ठाऊक नसलेले एक संकटही आले. आरंभीचे हवेचे टायर धावेवर चिकटविलेले असत. क्लेरमाँ-फेराँ येथील मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात असा एक टायर दुरुस्तीस आला, तेव्हा तो उतरवून बसविण्यास काही तास आणि चिकटविलेला भाग सुकण्यास एक रात्र लागली. या अनुभवातून १८९१ मध्ये त्यांनी सुटा होणारा टायर सिद्ध केला, आणि त्याच वर्षी शार्ल तेराँ याने तो वापरून सुमारे १,२०० किलोमीटरची पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस शर्यत जिंकली. यंत्राच्या इतिहासात ही एक लहानशी सुधारणा; प्रवाशाच्या दृष्टीने मात्र ती निर्णायक होती. कारागिराचे काम या सुधारणेने प्रवाशाच्या हाती आणून दिले.

हे काम किती वेळा करावे लागे, याचा दाखला हिंदुस्थानातूनच मिळतो. फॅनी बुलक वर्कमन व त्यांचे पती विल्यम या अमेरिकन दांपत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण टोकापासून हिमालयाकडे सायकलीवर प्रवास केला. रसद मिळावी म्हणून ते शक्यतो रेल्वेमार्गाच्या जवळून जात आणि प्रसंगी स्टेशनाच्या विश्रामकक्षात निजत. एकाच दिवसात चाळीसपर्यंत पंक्चर काढण्याचे प्रसंग त्यांच्यावर आले. दख्खनच्या पठारावरील बाभळीचा काटा ज्याने टायरमधून उपसला असेल, त्यास या संख्येचे आश्चर्य वाटणार नाही.

पंक्चर काढण्याची रीत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. ट्यूब पाण्यात धरून बुडबुड्यांवरून छिद्र शोधावे. ती जागा कोरडी करून काचकागदाने खरवडावी. सोल्यूशन पातळ लावून ते किंचित सुकेपर्यंत थांबावे आणि मगच ठिगळ दाबून बसवावे. घाई केल्यास ठिगळ सुटते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ट्यूब परत बसविण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधून काढावा. अन्यथा तोच काटा अर्ध्या मैलावर पुन्हा टोचतो. मागील चाकाच्या तारा, त्यातही साखळीच्या बाजूच्या, अधिक तुटतात. तेथे भार अधिक असतो आणि फ्रीव्हीलमुळे त्या बाजूच्या तारा अधिक ताणून बसवाव्या लागतात. म्हणून त्या मापाच्या चार-सहा तारा व त्या कसण्याचा पान्हा जवळ असावा. साखळीस तेल द्यावे, पण बाहेरचे पुसून टाकावे. तेलात मिसळलेली धूळ काचकागदासारखी धातू झिजविते. सामान पाठीवर न घेता चाकाच्या दोन्ही बाजूंस, शक्य तितके खाली बांधावे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या कच्च्या वाटेने जाऊ नये. ती माती मडगार्डखाली साचून चाकच थांबविते.

४. चढ आणि संयम

तंबू, स्टोव्ह व हत्यारे यांमुळे स्वातंत्र्य आले, तसे ओझेही आले. ते चढावर कसे न्यावे, हा प्रश्न फ्रान्समधील सेंत-एत्येन येथील पॉल द विव्ही यांनी हाती घेतला. ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने ते १८८७ पासून सायकलीविषयीचे नियतकालिक चालवीत. एकाच गतिमानाची सायकल सपाटीस योग्य असली तर चढास जड जाते, आणि चढास योग्य केली तर सपाटीस मंद होते. म्हणून त्यांनी निरनिराळ्या आकारांच्या दंतचक्रांचा पुरस्कार केला. आरंभी साखळी हाताने उचलून एका चक्रावरून दुसऱ्यावर घालावी लागे. ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीचे प्रवर्तक आंरी देग्रांज यांना अशी सोय वीरांस अशोभनीय वाटे, आणि त्या शर्यतीत डिरेलर गिअरना १९३७ पर्यंत मुभा मिळाली नाही. प्रवाशांनी मात्र तोवर वाट पाहिली नाही. शर्यतीस पौरुषाची परीक्षा हवी होती. प्रवाशास सायंकाळी मुक्कामाला पोहोचावयाचे होते.

द विव्ही यांनी प्रवाशास दिलेला उपदेशही याच धोरणाचा होता. भूक लागण्यापूर्वी खावे व तहान लागण्यापूर्वी प्यावे. भूक व झोप नाहीशी होईल इतके कधी थकू नये. पहिल्या काही तासांत जोर करू नये. आणि केवळ अहंकारापोटी पेडल मारू नये. यंत्राप्रमाणेच देहासही निगेची आवश्यकता आहे, आणि तीही बिघाड होण्यापूर्वी, असा या उपदेशाचा मथितार्थ होय.

५. मुंबईचे प्रवासी

हे सर्व ज्ञान क्लब, उतारगृहे व कारखाने असलेल्या देशांत निर्माण झाले. त्यांची खरी कसोटी त्या देशांबाहेर लागणार होती. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला व नरिमन कपाडिया ही त्यांची नावे. इराण, इराक, सीरियाचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन व ब्रह्मदेश असा मार्ग क्रमून, सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास करून, त्यांपैकी हकीम, बापासोला व भूमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परतले. एकजण तेहरानहून माघारी आला होता आणि दोघे अमेरिकेत राहिले. १९२४ मध्ये मुंबईहून निघालेले फ्रामरोज दावर ऑस्ट्रियन सहकाऱ्यासह सहारा व अँडीज ओलांडून १९३१ मध्ये परतले. आणि केकी खरास, रुस्तम गांधी व रतन श्रॉफ यांचा प्रवास १९३३ ते १९४२ असा चालला.

या प्रवासांचे वर्णन धाडसाच्या कथा म्हणून करण्याची प्रथा आहे, आणि धाडस त्यांत होतेच. परंतु बगदादपलीकडील वाळवंटात तुटलेली तार किंवा फुटलेली ट्यूब धाडसाने जुळत नाही. जेथे पाटी नाही, कारागीर नाही आणि सावलीही नाही, तेथून सायकल पुढे जाते ती स्वाराच्या हातातील कौशल्याने. शिवाय हे तरुण परतंत्र देशाचे नागरिक होते. त्यांच्यासाठी कोणत्याही उतारगृहाने आगाऊ जागा राखून ठेवली नव्हती. लेडी हार्बर्टन यांना एका दाराशी आलेला अनुभव लक्षात घेता, दारांवर विसंबून न राहण्याचा अर्थ या प्रवाशांच्या बाबतीत किती व्यापक होता, हे ध्यानी येते.

उपसंहार

१८७८ ते १९४२ या काळात सायकल-प्रवाशाचे परावलंबन क्रमाक्रमाने कमी होत गेले. प्रथम उतारगृहमालकावरील, मग कारागिरावरील, आणि शेवटी सुगम मार्गावरील अवलंबन घटले. या प्रत्येक टप्प्याची किंमत काही शेर वजन व थोडे हस्तकौशल्य अशी होती. आजच्या प्रवाशासही तोच हिशेब करावा लागतो. महाराष्ट्रातील रस्त्यांवर पंक्चर काढणारा मनुष्य बहुतेक फाट्यावर भेटतो. परंतु परदेशी मापाची ट्यूब किंवा तार त्याच्याजवळ असेलच असे नाही. म्हणून सायकल निवडताना तिच्या वेगापेक्षा, तिचे सुटे भाग वाटेवरील गावांत मिळतात किंवा नाही, हे आधी पाहावे. जे मिळत नाहीत ते बरोबर घ्यावेत. आणि जे बरोबर घेतले ते बसविण्याचा सराव निघण्यापूर्वी घराच्या अंगणात करावा. स्वतःस वापरता न येणारे हत्यार हे केवळ ओझे होय.