बोरघाट आणि हांकणाऱ्याचें लक्ष



पनवेलचा माणूस रस्त्याविषयीं बोलूं लागला म्हणजे तो अखेर बोरघाटापाशीं येणार, हें आपण धरूनच चालावें. आगगाडी सुरू होण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी होडीनें पनवेलच्या बंदरांत उतरे आणि तेथून पालखीनें, घोड्यावरून किंवा पायीं खोपोलीस जाऊन घाट चढे. १८०४ सालीं जनरल वेलस्लीनें तोफा नेण्यासाठीं ही वाट थोडीबहुत सुधारली. परंतु चाकाच्या गाडीस ती खऱ्या अर्थानें मोकळी झाली १८३० सालीं, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत. तेव्हांपासून जवळजवळ दोनशें वर्षांत या घाटानें बैलगाडी, आगगाडी आणि मोटार अशीं तिन्ही वाहनें पाहिलीं. मला आज त्या वाहनांचा नव्हे, तर तीं हांकणाऱ्याच्या लक्षाचा इतिहास सांगावयाचा आहे. हा विषय मीं कां निवडला, तें पुढें ओघानें येईलच.

बैलगाडीचा गाडीवान हा कांहीं विशेष सावध मनुष्य होता, असें नव्हे. रात्रीच्या वाटेवर गाडीवान पेंगतो आहे आणि गाडी आपली चालली आहे, हें दृश्य माझ्या पिढीनेंहि लहानपणीं पाहिलें आहे. तरी गाडी सहसा दरींत जात नसे. कारण बैलाला स्वतःचे डोळे होते आणि स्वतःच्या जिवाची भीति होती. कडा जवळ आला कीं तो थबके. शिवाय गाडीचा वेग तो किती? ताशीं ४ किलोमीटर धरला, तर चंची चांचपण्यासाठीं गाडीवानानें दोन सेकंद मान खालीं घातली असतां गाडी जेमतेम २ मीटर पुढें सरके. बेसावधपणा त्या काळीं असा स्वस्त होता. माणसाचे दोन आणि बैलांचे चार, मिळून सहा डोळे एका गाडीवर पहारा करीत.

२१ एप्रिल १८६३ रोजीं घाटांतून आगगाडी सुरू झाली. सदतीस फुटांस एक फूट असा चढ, पंचवीस बोगदे, आणि वाटेंत गाडीची दिशाच उलट करावी लागे असें एक रिव्हर्सिंग स्टेशन. येथें जनावराचे डोळे नाहींसे झाले. १८६९ च्या जानेवारींत घाट उतरणारी एक गाडी आवरली गेली नाहीं. रिव्हर्सिंग स्टेशनांत न थांबतां ती टोक ओलांडून गेली आणि माणसें दगावलीं. मात्र रेल्वेच्या कारभारांत एक गोष्ट पक्की मुरलेली आहे, ती ही कीं, शेंकडों जीव एकट्या माणसाच्या लक्षावर सोंपवावयाचे नसतात. इंजिनांत ड्रायव्हरजवळ दुसरा माणूस असावयाचा. सिग्नल दिसला कीं तो दोघांनीं एकमेकांस मोठ्यानें सांगावयाचा. आणि सर्वांत नामी योजना म्हणजे घाटांतील कॅच साइडिंग. उतरत्या मार्गावर ठराविक जागीं रुळांचा एक फांटा डोंगराच्या चढावर नेलेला असतो, आणि सांधा नेहमीं त्या फांट्याकडेच लावलेला असतो. गाडी तेथें पूर्णपणें थांबली, म्हणजे ती ताब्यांत आहे हें सिद्ध झालें, तरच सांधा मुख्य मार्गाकडे वळवावयाचा. न थांबली तर ती फांट्यानें चढावर जाऊन आपोआप अडते. ड्रायव्हर शहाणा आहे, असें रेल्वे मनांत धरून चालत नाहीं. तें त्यानें दर खेपेस दाखवून द्यावें लागतें. ज्यानें वर्षानुवर्षें वह्या तपासल्या आहेत, त्याला हें धोरण फार पटतें.

याच घाटांत जुन्या मोटाररस्त्यावर शिंगरोबाचें देऊळ आहे. ज्या धनगरानें साहेबाला घाटाची वाट दाखविली, त्यालाच साहेबानें ठार केलें, अशी लोककथा आहे. तिचा खरेंखोटेपणा येथें बाजूस ठेवूं. ट्रकवाले तेथें वेग कमी करतात, नाणें टाकतात, हात जोडतात आणि पुढें जातात. श्रद्धाळू माणसास जें वाटावयाचें तें वाटो. मला तें देऊळ म्हणजे मोटारीच्या वाटेवरची एक कॅच साइडिंगच वाटत आलें आहे.

कारण मोटारीला ना बैलाचे डोळे, ना रेल्वेची शिस्त. १८९६ च्या ऑगस्टमध्यें लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत ब्रिजेट ड्रिस्कॉल नांवाची बाई मोटारीखालीं सांपडून मेली. ब्रिटनमध्यें मोटारीनें पादचारी मेल्याची ही पहिलीच नोंद. गाडीचा वेग, हांकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणें, ताशीं अवघा ४ मैल होता. पण त्याला गाडी हांकूं लागून तीनच आठवडे झाले होते, आणि रस्त्याच्या कोणत्या बाजूनें जावें, हें सुद्धां त्यास कोणीं शिकविलें नव्हतें. एवढें होऊनहि त्या देशांत हांकणाऱ्याची सक्तीची परीक्षा यावयास १९३५ साल उजाडलें. आपल्याकडे १९१४ च्या कायद्यानें लायसेन्स आवश्यक ठरलें, १९३९ चा अधिक सविस्तर कायदा त्यानंतर आला, आणि सध्यांचा १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याखालील नियमांत मोटार शिकविणाऱ्या शाळांसाठीं अभ्यासक्रम आहे: हलक्या वाहनासाठीं किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष १० तास. दहा तास! आम्ही त्रैराशिकाला याहून अधिक तास देत होतों, आणि तें चुकल्यानें कोणाचा जीव जात नव्हता.

मालवाहू व प्रवासी वाहनांच्या ड्रायव्हरास आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती, ती २०१९ सालीं काढण्यांत आली. कित्येक शिक्षकमित्रांस याचा विषाद वाटला. मला वाटला नाहीं. पुस्तकी इयत्ता आणि रस्त्यावरचें अवधान यांचा संबंध मला कधीं दिसला नाहीं. माझ्या घरांतील उदाहरण तर नेमकें उलट आहे.

२००२ सालीं कळंबोलीपासून देहूरोडपर्यंतचा साडेचौऱ्याण्णव किलोमीटरांचा द्रुतगति मार्ग पूर्ण झाला. रस्ता उत्तम आहे, आणि हाच त्याचा धोका आहे. जुन्या वाटेवर वळणें, माणसें, गुरें हांकणाऱ्यास जागें ठेवीत; येथें मन मोकळें सुटतें. सपाटीवर मोटारीस ताशीं १०० किलोमीटरांची मुभा आहे. त्या वेगानें दोन सेकंदांत गाडी ५५ मीटर जाते. चंचीच्या जागीं आतां मोबाइल आला. पण २ मीटरांच्या जागीं ५५ आले, याचा हिशेब कोणी करीत नाहीं. २०१६ या एका सालीं या एका मार्गावर १५१ माणसें मेलीं.

माझा पुतण्या उच्चशिक्षित आहे. कांहीं वर्षांपूर्वीं तो एकटाच मोटारीनें पुण्यास निघाला होता, आणि मला कपाटाची किल्ली सांपडेना. मीं त्यास फोन केला. वडील माणसाचा फोन घ्यावयाचा नाहीं, हें आमच्या घरच्या वळणांत बसत नाहीं. त्यानें तो घेतला. "काका, घाटांत आहें," एवढें तो म्हणाला. तरी मीं किल्लीचें विचारलेंच. मग जो आवाज मीं ऐकला, तो मला येथें सांगतां येणार नाहीं. गाडी कठड्यावर गेली होती. दुसऱ्या कोणास इजा झाली नाहीं. त्याचा पाय मात्र दोन ठिकाणीं मोडला. किल्ली माझ्याच सदऱ्याच्या खिशांत होती. "लक्ष द्या, लक्ष द्या," असें वर्गांत सारा जन्म ओरडलेला मनुष्य मी.

हातांत मोबाइल घेऊन गाडी हांकणें हें २०१९ च्या दुरुस्तीनें धोकादायक हांकण्याच्या गुन्ह्यांत स्पष्टपणें घातलें गेलें आहे. पुतण्यानें फोन हातांत धरला नव्हता. तो गाडीच्या यंत्रावर होता, म्हणून आम्ही कांहीं दिवस स्वतःचें समाधान करून घेतलें. पुढें वाचनांत आलें कीं, अमेरिकेंतील यूटा विद्यापीठांत डेव्हिड स्ट्रेयर व विल्यम जॉन्स्टन यांनीं २००१ सालींच प्रयोगानें दाखविलें आहे: फोन हातांत असो वा नसो, बोलणाऱ्याकडून सिग्नल सारखेच चुकतात. डोळे रस्त्यावर असतात, पण पाहणारा तेथें नसतो. शेजारीं बसलेल्या माणसाशीं बोलण्यांत इतका धोका नाहीं, हेंहि तेथेंच पुढें दिसून आलें. कारण शेजारच्याला रस्ता दिसतो आणि वळण आलें कीं तो आपसुख गप्प बसतो. ट्रकवरचा क्लीनर, एस. टी. चा कंडक्टर, हे असे दुसरे डोळे होत. फोनवरच्या काकाला मात्र घाट दिसत नाहीं.

पाय बरा झाल्यावर पुतण्यानें लायसेन्स असूनहि पुन्हां शिकावयाचें ठरविलें. शाळेच्या गाडींत शिक्षकाच्या पायाखालीं दुसरा ब्रेक असतो. पहिल्या दिवशीं मीं मागें बसून पाहिलें. शिक्षकानें त्याला एकच काम दिलें: जें दिसेल तें मोठ्यानें बोलत राहा. इंग्लंडांत पोलिसांस मोटार शिकवितांना हीच रीत वापरतात, आणि आपल्या इंजिनांतलीं माणसेंहि सिग्नल मोठ्यानें सांगतात तीं याचसाठीं. लक्ष ही आंतली वस्तु. ती तोंडावाटे बाहेर आली कीं तपासतां येते. पाढे मोठ्यानें म्हणवून घेण्यांत आम्हां मास्तरांचा दुसरा काय हेतु होता? तो बोलायचा थांबला, कीं शिक्षकाचा पाय ब्रेकवर जाई. आठवड्याभरानें तो जाईनासा झाला.

हल्लीं आम्ही पुण्यास जातों तें पुष्कळदां जुन्या घाटानें. शिंगरोबापाशीं तो गाडी उभी करतो, नाणें टाकतो, घरीं फोन करतो, आणि फोन बंद करून माझ्याजवळ देतो. मग पुढें निघाल्यावर हळू आवाजांत त्याचें चालूं होतें: डावीकडे ट्रक, पुढें वळण, मागें एस. टी. मी शेजारीं बसून ऐकतों.