वेबपान आणि फोन यांमधला पूल

ब्राउझरचे इंजिन पाने दाखवण्यासाठी जन्मले. परक्या साइटवरून आलेल्या स्क्रिप्टला संगणकाच्या फायली वा उपकरणे हाताळू द्यायची नाहीत, हा त्याचा मूळ दंडक. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हएक्स आणून तो सैल केला आणि सुरक्षेच्या तक्रारी वर्षानुवर्षे पुरल्या.

२००७ च्या आयफोनवर बाहेरच्या विकसकांना सुरुवातीला फक्त सफारीत चालणारी वेब ॲप लिहिता येत. वेबकिट हे सफारीचे इंजिन उत्तम होते, पण स्क्रिप्टला कॅमेरा वा फोनमधले संपर्क दिसत नसत. २००८ मध्ये ॲपलने ॲप लिहिण्याचा साधनसंच, म्हणजे एसडीके, दिला आणि ॲपच्या पोटात वेबव्ह्यू, म्हणजे वेबपान दाखवणारा ब्राउझरचा तुकडा, बसवता येऊ लागला. त्याच वर्षी कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या निटोबी या कंपनीतील मंडळींनी वेबव्ह्यूमधल्या स्क्रिप्टला फोनच्या सोयी देणारे फोनगॅप हे साधन रचले.

त्यांची युक्ती साधी, आणि म्हणूनच विलक्षण होती. आयफोनच्या वेबव्ह्यूमध्ये ॲपला स्क्रिप्ट चालवता येई. स्क्रिप्टला मात्र ॲपला हाक मारण्याची सोय नव्हती. म्हणून स्क्रिप्ट अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर जाऊ पाही. पान उघडण्याआधी वेबव्ह्यू ॲपची परवानगी विचारी. ॲप तो पत्ता वाचून त्यातला हुकूम ओळखी, पान उघडणे रद्द करी, काम उरके आणि उत्तर स्क्रिप्टच्या रूपाने परत पानात चालवी. उत्तर नंतर येत असल्याने प्रत्येक हाकेसोबत कॉलबॅक, म्हणजे उत्तर आल्यावर चालवायचे फंक्शन, द्यावे लागे.

अँड्रॉइडवर जावाची वस्तू थेट स्क्रिप्टच्या हाती देता येई. हा मार्ग सोपा, पण घातक होता: रिफ्लेक्शनच्या, म्हणजे चालत्या प्रोग्रॅमची रचना चाचपण्याच्या, वाटेने स्क्रिप्ट न दिलेल्या मेथडपर्यंतही पोचे. २०१२ च्या ४.२ आवृत्तीपासून, तिच्यासाठी बांधलेल्या ॲपमध्ये, खास खूण केलेल्या मेथडच स्क्रिप्टला दिसू लागल्या.

२०११ मध्ये अडोबीने निटोबी विकत घेतली आणि फोनगॅपचा कोड अपाचे फाउंडेशनला दिला. व्हँकूव्हरमधल्या एका रस्त्यावरून त्याला कॉर्डोव्हा हे नाव मिळाले. ब्राउझरनेच या सोयी द्याव्यात आणि फोनगॅपची गरज संपावी, हे कर्त्यांचे उघड ध्येय होते. स्वतःच्या निरोपाची तयारी करणारी साधने विरळाच.

हे ध्येय काही अंशी साधले. स्थान सांगण्याची सोय आयफोनच्या सफारीत २००९ मध्येच आली. मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमध्ये सगळी ॲपच वेबची होती; तिच्यातून निघालेली कायओएस २०१७ च्या जिओफोनमधून भारतात घरोघरी पोचली. क्रोमने ब्लूटूथ आणि यूएसबीही खुले केले. वापरकर्त्याला नकळत ओळखून त्याचा माग काढण्यास त्या उपयोगी पडतील, या कारणाने ॲपलने २०२० मध्ये अशा अनेक सोयी सफारीत घेण्यास नकार दिला. त्याच वर्षी अडोबीने फोनगॅपचा विकास थांबवला; कॉर्डोव्हा अपाचेकडे चालू राहिला.